जलविभाजकावरची नगरपालिका

आपल्याकडे लहान नगरपालिकांचे इतिहास बहुधा स्मरणिकांतून लिहिले जातात. शताब्दी किंवा सुवर्णमहोत्सव आला की एक जाडसर अंक निघतो. त्यात आजी-माजी नगराध्यक्षांची छायाचित्रे, पार पडलेल्या कामांची यादी, ‘निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केलेले’ अशा शब्दांनी सुरू होणारा एक लेख आणि व्यापाऱ्यांच्या शुभेच्छा असतात. लोणावळा नगरपालिकेची स्थापना १८७७ सालची. म्हणजे २०२७ मध्ये तिला दीडशे वर्षे पूर्ण होतील आणि असाच एक अंक तिच्याही वाट्याला येईल. तो निघण्यापूर्वी या गावाचा इतिहास दुसऱ्या एका सूत्राने वाचता येतो का, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे. हे सूत्र पाण्याचे आहे. घाटमाथ्यावर पडलेले पाणी कोणत्या दिशेला वाहते, कोणी वळवले आणि कोणासाठी, हे प्रश्न विचारले की लोणावळ्याचा आणि त्याच्या कडेच्या औंढ्यासारख्या गावांचा इतिहास वेगळा दिसू लागतो.

प्रथम भूगोल. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी काठावर वसले आहे. पश्चिमेला खंडाळा आणि त्यापलीकडे कोकणात कोसळणारे कडे. पूर्वेला मात्र जमीन हळूहळू उतरत मावळाच्या खोऱ्यांत शिरते. हा काठ म्हणजे जलविभाजक आहे. राजमाचीच्या बाजूच्या दरीत पडलेला पाऊस उल्हास नदीतून वसईच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळतो. त्याच पावसाची दुसरी सर थोडी अलीकडे, नागफणीच्या सुळक्याजवळच्या कुरवंडे परिसरात पडली, तर ती इंद्रायणी होते. ही इंद्रायणी कार्ल्याच्या पायथ्याजवळून, देहू-आळंदीवरून तुळापूरला जाऊन भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. ज्या नदीच्या काठावर मराठी कवितेची दोन शिखरे उभी राहिली, तिचा उगम दोन समुद्रांच्या वाटणीच्या रेषेवर आहे, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पावसाचे मानही येथे विलक्षण वेगाने बदलते. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. लोहमार्गाने चौसष्ट किलोमीटरवर असलेल्या पुण्यात तो सातशे मिलिमीटरांच्या आसपास येतो. म्हणजे घाटमाथ्यावरचे पाणी ही केवळ त्या गावाची संपत्ती नव्हे. पूर्वेकडच्या साऱ्या कोरड्या मुलखाची ती शिदोरी आहे. पुढे जे घडले, त्याचे गांभीर्य या एका वस्तुस्थितीवरून कळते.

नावांचाही विचार येथेच करू. ‘लोणावळा’ या नावाची लोकप्रिय व्युत्पत्ती ‘लेणी’ आणि ‘आवळी’ म्हणजे ओळ, लेण्यांची ओळ अशी सांगितली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला कितपत उतरेल हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्यामागची स्मृती खरी आहे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी या परिसरात आहेत. ‘मावळ’ या नावाचा आधार तर थेट शिलालेखातच मिळतो. कार्ल्याच्या लेखांत ‘मामाल’ या प्रदेशाचा उल्लेख येतो आणि अभ्यासकांनी तो आजच्या मावळाशी जोडलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, भिक्षूंना करजिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद तेथे आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटचे यवन यांचीही नावे दात्यांत आहेत. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. एवढ्या दूरचा व्यापारी या डोंगरात पैसा खर्च करतो, याचा अर्थ कोकणातील बंदरांतून देशावर जाणारा माल याच घाटाने चढत होता. लेणी ही त्या वाटेवरची वसती होती. इतिहासात हा प्रदेश प्रथम दिसतो तो असा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट म्हणून. आणि त्या वाटेचा खर्च भागविण्यासाठी दान दिले गेले ते एक गाव. करजिकच्या शेतकऱ्याला त्या दानाविषयी काय वाटले, हे शिलालेख सांगत नाही.

मराठेशाहीत ही वाट अडविण्याचे शास्त्र विकसित झाले. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला उंबरखिंडीत कोंडले. ती फौज लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरून कोकणात निघाली होती. पुढे इंग्रजांनी उलट दिशेने, बोरघाट चढून पुण्यावर येण्याचा प्रयत्न केला. रघुनाथरावाला गादीवर बसविण्यासाठी निघालेल्या मुंबईच्या सैन्यातील कॅप्टन स्टुअर्ट ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ मारला गेला आणि त्याच महिन्यात इंग्रजांना वडगावचा तह करावा लागला. या स्टुअर्टला मराठी मुखाने ‘इष्टुर फाकडा’ केले. शत्रूच्या नावाचा अपभ्रंश करून त्याला शौर्याची पदवी देणारी ही भाषा होती. लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना हे किल्ले म्हणजे या वाटेवरचे पहारे. १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले, आणि वाट अडविण्याचा काळ संपून ती रुंद करण्याचा काळ सुरू झाला.

कॅप्टन ह्यूज याने बांधलेला बोरघाटाचा रस्ता मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने नोव्हेंबर १८३० मध्ये खुला केला. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेला आपले नाव देणारा हाच तो माल्कम. हा योगायोग उपयुक्त आहे, कारण त्यातून दोन प्रकारची डोंगरी गावे शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात. महाबळेश्वर आणि १८५० नंतरचे माथेरान ही गोऱ्या अधिकाऱ्यांच्या प्रकृतीसाठी, थंड हवेसाठी वसली. लोणावळ्याचा जन्म असा नाही. हवा खायला येणारे पुष्कळ नंतर आले. आधी आले ते रस्ता करणारे, रूळ टाकणारे आणि इंजिने हाकणारे. आजच्या पर्यटनपुस्तिका या तिन्ही गावांना एकाच माळेत ओवतात, त्यामुळे लोणावळ्याचे मूळचे कष्टकरी रूप झाकले जाते. १८३० च्या त्या रस्त्यावरचा, पुढे शेजारच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेलेला दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये नियंत्रित स्फोटांनी पाडण्यात आला. टाळेबंदीमुळे त्या वेळी रस्ता रिकामा होता.

लोहमार्गाची कथा अधिक कठोर आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये बोरघाटाचे काम हाती घेतले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. खंडाळा ते पुणे हा वरचा भाग १८५८ मध्येच सुरू झाला. मधला घाट मात्र पूर्ण व्हायचा होता. तोवर प्रवासी पालखीतून, तट्टांवरून वा पायी घाट चढत-उतरत. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या या टप्प्यात पंचवीस बोगदे खणले गेले आणि आठ मोठे पूल उभारले गेले. चढ इतका तीव्र होता, की मध्ये एके ठिकाणी गाडी थांबवून तिची दिशा उलटवावी लागे. ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालू होती. १८६१ च्या सुमारास या घाटात बेचाळीस हजार माणसे एकाच वेळी काम करीत होती. कॉलऱ्याने, तापाने, स्फोटांनी आणि दरडींनी त्यांतली किती दगावली याविषयी हजारांच्या भाषेत अंदाज केले जातात. १८५९ च्या प्रारंभी मजुरी थकल्यामुळे या मजुरांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्याकडे घेऊन दोन अभियंत्यांच्या साहाय्याने ते पुरे करविले. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली. अॅलिसबाईंचे नाव आता लेखांतून आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या बेचाळीस हजारांपैकी एकाचेही नाव सर्वसाधारण वाचकाला सांगता येणार नाही. लोकस्मृतीने ही उणीव आपल्या पद्धतीने भरून काढली आहे. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखविली आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. ती दप्तरात सापडो वा न सापडो. वाट ज्याला ठाऊक होती त्याचे काय झाले, हा प्रश्न तिने जिवंत ठेवला आहे.

आता १८७७ चा अर्थ लागतो. शेतीवर जगणाऱ्या मावळातल्या एका वाडीला, तीही दख्खनच्या मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, नगरपालिका का मिळावी? लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या प्रसिद्ध ठरावाला, १८८२ ला, अद्याप पाच वर्षे अवकाश होता. उत्तर स्टेशनात आहे. घाट चढून आलेली गाडी येथे दम घेई, ढकलणारी इंजिने येथे सुटत, आणि त्यांच्यासाठी कारखाना, चाळी, बंगले, शाळा, गिरिजाघरे उभी राहिली. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये लोणावळ्याचे जे चित्र येते ते मुख्यतः रेल्वेच्या वसाहतीचे आहे. मराठी गावांत पेठा आधी बसतात आणि नगरपालिका मागून येते. येथे रूळ आधी आले, रुळांच्या भोवती वस्ती आली आणि वस्तीची झाडलोट व दिवाबत्ती पाहण्यासाठी नगरपालिका आली. गवळीवाडा, भांगरवाडी, नांगरगाव, तुंगार्ली, वळवण ही मूळची नावे वॉर्डांची झाली. त्या नावांत गवळी आणि नांगर अजून ऐकू येतात, हेच काय ते मागील गावाचे दप्तर.

वाफेच्या इंजिनाला पाणी लागते. म्हणून रेल्वेने गावाच्या दक्षिणेला भुशी येथे बांध घातला. घाटमाथ्यावरचे पाणी प्रथमच अडविले गेले ते पिण्यासाठी वा भातासाठी नव्हे, इंजिनासाठी. हे लहानसे काम पुढच्या मोठ्या कामाची नांदी ठरले. ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याच्या हस्ते लोणावळा धरणाची पायाभरणी झाली. टाटा जलविद्युत योजनेची ही सुरुवात. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तळ्यांतले पाणी कालव्यांनी घाटाच्या कड्यापर्यंत आणायचे, तेथून नळांनी पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीला सोडायचे आणि त्या वेगावर वीज निर्माण करायची, अशी ती योजना. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली.

जमशेटजी टाटांचे ते स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर साकार झाले, कोळशाच्या धुरातून मुंबईची काही अंशी सुटका झाली, हे सारे खरे आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण भूगोलाच्या दृष्टीने काय घडले ते स्पष्ट शब्दांत मांडले पाहिजे. जे पाणी इंद्रायणीतून पूर्वेला जायचे होते, त्याचा मोठा वाटा जलविभाजक ओलांडून पश्चिमेला वळविला गेला. वीज निर्माण करून ते पाताळगंगेत उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. दोन समुद्रांची जी वाटणी सह्याद्रीने केली होती, ती एका कंपनीने बदलली. खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेले तळे आहे. घाट चढण्यापूर्वी वाटसरूने पाणी प्यावे, एवढाच त्याचा हेतू. पुढे त्याच पायथ्याशी डोंगरावरचे पाणी यंत्र फिरविण्यासाठी उतरू लागले. पाण्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी एका गावात अशा समोरासमोर उभ्या आहेत.

याच पद्धतीची पुढची योजना मुळशीत आली, तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले. मुळशी हरली, परंतु तिचे नाव राहिले. लोणावळ्याच्या तळ्यांच्या वाट्याला असे नाव आले नाही. आज ती ‘प्रेक्षणीय स्थळे’ या सदरात मोडतात. पाण्याखाली गेलेली जमीन एकदा प्रेक्षणीय झाली की तिचा इतिहास विचारणे असभ्यपणाचे वाटू लागते.

मराठी साहित्याने या प्रदेशाकडे कसे पाहिले? येथे गो. नी. दांडेकरांचा उल्लेख अपरिहार्य आहे. तळेगावला राहिलेल्या या लेखकाने ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’ या दोन कादंबऱ्यांत लोणावळ्याच्या दोन्ही अंगांचा मुलूख उभा केला: एक पवन मावळ, दुसरी राजमाची. या कादंबऱ्या ‘प्रादेशिक’ म्हणून शिकविल्या जातात. निसर्गवर्णन आणि बोलीभाषा हे प्रश्नपत्रिकेतील ठरलेले मुद्दे. आम्हांला त्यांचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी वाटते. बुधा मुंबई सोडून राजमाचीवर परत येतो. ज्या मुंबईकडे घाटमाथ्यावरचे पाणी विजेच्या रूपाने गेले आणि ज्या मुंबईकडे मावळातली माणसे पोटामागे गेली, त्या मुंबईकडे पाठ फिरवून एक म्हातारा वर चढतो. रस्ता, रूळ, तारा आणि नळ या सर्वांची दिशा एक, आणि बुधाची दिशा नेमकी उलटी. हे ध्यानात घेतले की ती कादंबरी केवळ निसर्गभक्तीची राहत नाही. दांडेकरांनी कारणमीमांसा केली नाही, त्यांची ती प्रकृतीही नव्हती. परंतु इतिहासाचा प्रवाह त्यांनी एका माणसाच्या पावलांनी उलटा चालवून दाखविला.

विसाव्या शतकात लोणावळ्याला इतर ओळखी मिळाल्या. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगाच्या शास्त्रीय संशोधनाला आरंभ केला. १९४५ मध्ये नौदलाची ‘शिवाजी’ ही प्रशिक्षणसंस्था आली. समुद्रावरच्या अभियंत्यांचे शिक्षण डोंगरावर होऊ लागले. १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली. रेल्वेच्या मजुरांची शिदोरी होती असे सांगितले जाते ती गूळ-शेंगदाण्यांची गुडदाणी ‘चिक्की’ होऊन पर्यटकांच्या पिशवीत गेली. २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यापुढचा टप्पा म्हणजे घाट टाळणारा नवा मार्ग. त्याचा बोगदा लोणावळ्याच्या तळ्याखालून खणला गेला. आधी डोंगरावरून वाट, मग डोंगरातून रूळ, आता पाण्याच्याही खालून रस्ता.

२०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेच्या हद्दीत सत्तावन्न हजारांच्या वर लोकसंख्या नोंदली गेली. शनिवार-रविवारी पावसाळ्यात येणारी माणसे या गणनेत नाहीत. त्यांचा कचरा, सांडपाणी आणि वाहने मात्र याच नगरपरिषदेच्या माथी येतात. तिची खरी अडचण ही आहे. भुशीचा बांध रेल्वेचा, मोठी तळी टाटांची, डोंगरउतार वनखात्याचा, द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा. ज्या गोष्टींमुळे हे गाव गाव झाले, त्यांतली बहुतेक तिच्या ताब्यात नाहीत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागल्या बाजूच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर नियम कडक झाले, फलक लागले. पण ती जागा नेमकी कोणाची, या प्रश्नाला अशा वेळी तीन-चार कार्यालयांची नावे पुढे येतात, ती दीडशे वर्षांच्या याच इतिहासामुळे.

आणि औंढे? लोणावळ्यातून पवन मावळाकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहे. शेजारी औंढोली. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्याला औंढे पुलाचे नाव कानावर येते, तेही बहुधा वाहतूककोंडीच्या वा अपघाताच्या बातमीत. पुण्याचे औंध आणि हिंगोलीचे औंढा नागनाथ यांच्या गर्दीत हे नाव वाचताना हमखास चुकते. गॅझेटियरने लोणावळ्याचे वर्णन केले. औंढ्यासारख्या गावांच्या वाट्याला अशा ग्रंथांत फार तर एखादी ओळ येते. पण पाण्याच्या सूत्राने पाहिले, तर हद्दीबाहेरचे हे गाव त्याच पावसाचे वारसदार आहे. नगरपरिषदेची सीमा एका कायद्याने आखली आणि पाणलोटाची सीमा डोंगराने. या दोन रेषा कधीच जुळल्या नाहीत. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बौर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. त्या दिवशीही प्रश्न हाच होता: मावळात पडलेल्या पावसावर पहिला शब्द कोणाचा?

हा प्रश्न शहरांविरुद्ध खेडी असा सोपा नाही. मुंबईच्या गिरण्यांत याच मावळातली माणसे राबली आणि पिंपरीच्या कारखान्यांतही राबतात. विजेचा दिवा औंढ्यातही लागतो. परंतु ज्यांनी दिले आणि ज्यांनी घेतले त्यांच्या नोंदी सारख्याच काळजीने ठेवल्या गेल्या नाहीत, एवढे निश्चित म्हणता येते. कार्ल्याच्या शिलालेखात दात्याचे नाव आहे, करजिकच्या कुळांचे नाही. घाटातल्या बोगद्यांची संख्या नोंदलेली आहे, तेथे पुरलेल्यांची नाही. धरणाच्या पायाभरणीची तारीख आहे, बुडालेल्या खाचरांची यादी कोणी वाचत नाही. साहित्याच्या शिक्षकाला हे नवीन वाटू नये. कृतीत कोण बोलतो आणि कोण गप्प ठेवला जातो, हे विचारण्याचे शिक्षण आपण वर्गात रोज देतो. तोच प्रश्न आपल्या तालुक्याच्या दप्तराला विचारायचा आहे. मावळातल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी औंढे, कुरवंडे, वळवण, शिरोता या गावांतील जुन्या माणसांकडून शेतांची, ओढ्यांची आणि वाटांची नावे लिहून घेतली, तरी एक वेगळे गॅझेटियर तयार होईल. २०२७ च्या स्मरणिकेत त्याला चार पाने मिळाली, तर नगराध्यक्षांच्या छायाचित्रांना काही बाध येणार नाही.